गोल्फची पहिली बॅग भरताना: प्रो खेळाडूकडून काय उचलायचं, काय सोडायचं

वाळूजला नोकरी करणाऱ्या माणसाला गोल्फ कुठून सुचलं, असं आमच्याकडे सगळेच विचारतात. झालं असं की आमचे परदेशी ग्राहक पुण्याला आले की रविवारी सकाळी गोल्फ खेळायचे, आणि एका रविवारी त्यांच्या चौघांत एक जण कमी पडला. मी गेलो, उसनी बॅग घेऊन अठरा होल धडपडलो, आणि संभाजीनगरला परत येताना नेवासा फाट्यावर चहा पितापिता ठरवून टाकलं की आता स्वतःची बॅग घ्यायची.

ती बॅग मी टायगर वूड्सच्या बॅगेतल्या सामानाची यादी समोर ठेवून जमवली. पातळ ब्लेडचे आयर्न (लोखंडी डोक्याच्या काठ्या), कडक शाफ्ट (दांडा), नऊ अंशांचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी). सगळं सेकंडहँड, तरी महिन्याचा पगार गेला. वर्षभर कुदळ मारल्यासारखा खेळलो, मग विकायला काढलं तेव्हा निम्मेही पैसे आले नाहीत. गंमत म्हणजे टायगरकडून घेण्यासारखं त्या यादीत खरंच काहीतरी होतं. मी नेमकं तेच सोडून बाकी सगळं घेतलं होतं.

लातूर, नांदेड, परभणीकडच्या ओळखीच्या दोघातिघांनी गेल्या वर्षात मला हेच विचारलं: कुठली बॅग घेऊ? त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे क्रमाने लिहितो.

आधी हे जवळ असू द्या

- वही आणि पेन. मोबाइलमधल्या नोंदी शेतात उन्हात दिसत नाहीत.
- शिंप्याचा टेप.
- व्हाइटबोर्डचा मार्कर. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर आयताच मिळेल.
- वीस-पंचवीस जुने बॉल आणि एक उसना सेव्हन आयर्न, म्हणजे सात नंबरचा.
- जाड पायपुसणं किंवा कृत्रिम गवताचा तुकडा.
- कोर्सवर पाहुणा म्हणून जायचं असेल तर फोटोचं ओळखपत्र, सदस्याची ओळख किंवा त्याची सोबत, कॉलरचा टी-शर्ट, मऊ खिळ्यांचे बूट. काही ठिकाणी हँडिकॅपचं, म्हणजे तुमच्या खेळाच्या पातळीचं, प्रमाणपत्र मागतात. प्रत्येक कोर्सचा नियम वेगळा, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करा. एवढा प्रवास करून गेटवरून परत फिरण्यात काही मजा नाही. मी फिरलो आहे.

१. प्रोची यादी वाचायला शिका

मोठी स्पर्धा झाली की विजेत्याच्या बॅगेत काय होतं याची यादी सगळीकडे फिरते. त्यात कंपनीचं नाव ठळक असतं आणि कामाचे आकडे बारीक. तुम्ही उलटं वाचा. नाव झाका. लॉफ्ट (तोंडाचा कल) किती अंश, क्लबची, म्हणजे काठीची, लांबी किती, शाफ्ट किती ग्रॅमचा आणि कितपत कडक, एका क्लबपासून दुसऱ्यात किती अंशांचं अंतर, एवढंच वहीत उतरवा.

नाव झाकायचं कारण सरळ आहे. प्रोला ते नाव मिरवायचे पैसे मिळतात. करार नसलेला खेळाडू काय उचलतो ते बघणं जास्त शिकवणारं असतं. नाइकीने २०१६ मध्ये क्लब बनवणं बंद केलं आणि त्यांचे क्लब वापरणारा ब्रूक्स केप्का मोकळा झाला. २०१७ चं यूएस ओपन त्याने जिंकलं तेव्हा बॅगेत मिझुनोचे आयर्न आणि टेलरमेडचा ड्रायव्हर होता. जे हाताला बसलं ते घेतलं.

दुसरी गोष्ट, नियमाने बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब. कमी चालतात, जास्त नाही. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये इयन वूझनम शेवटच्या दिवशी आघाडीच्या बरोबरीत होता. पहिल्या होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) मारली, आणि दुसरा होल सुरू करताना कॅडीने, म्हणजे बॅग वाहणाऱ्याने, सांगितलं की बॅगेत दोन ड्रायव्हर राहिलेत, एकूण पंधरा क्लब आहेत. दोन स्ट्रोकचा (फटक्यांचा) दंड बसला. म्हणजे १४ ची मर्यादा ही प्रोसाठी डोकेदुखी आहे. त्याला रोज काहीतरी बाहेर काढावं लागतं, आणि तो काय बाहेर काढतो त्यातच बरंच शिकण्यासारखं असतं.

फिल मिकेलसनने २००६ च्या मास्टर्समध्ये दोन ड्रायव्हर ठेवले आणि जिंकला. २०१३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये एकही ड्रायव्हर नेला नाही, तिथेही जिंकला. दिल्ली गोल्फ क्लबवर तर फेअरवेच्या (खेळायच्या कापलेल्या पट्ट्याच्या) दोन्ही बाजूंना इतकी दाट झुडपं की तिथे मोठमोठे खेळाडू ड्रायव्हरला हात लावत नाहीत.

२. आपल्या वेगाचा प्रो शोधा

या लेखातलं एकच काही वाचायचं असेल तर हे वाचा.

पुरुषांच्या अमेरिकन टूरवर ड्रायव्हर फिरवण्याचा सरासरी वेग ताशी ११३ मैलांच्या पुढे असतो. महिलांच्या टूरवर तो ९४ च्या आसपास. आणि हौशी पुरुष खेळाडू? तो ९०-९५ च्या घरात असतो, तेही जरा नियमित खेळणारा असेल तर. सेव्हन आयर्नचा बॉल पुरुष प्रो हवेत १७० यार्डांच्या पुढे नेतो, महिला प्रो साधारण १४०. मी १३० ला पोचलो की पेढे वाटतो.

मग आपण टीव्हीवर बघून बॅग कुणाची उचलायची? आपल्या वेगाचे क्लब महिला प्रो वापरतात. त्यांच्या बॅगा उघडून बघा: लांब आयर्न अनेकदा नसतातच, लोखंड सहा किंवा सात नंबरापासून सुरू होतं, त्याच्या वर दोन-तीन हायब्रिड (आयर्न आणि वुडच्या मधला क्लब), पाच किंवा सात नंबरचा वुड (मोठ्या डोक्याचा, लांब मारायचा क्लब). ज्यांचं पोट या खेळावर चालतं त्या थ्री आयर्नच्या वाटेला जात नाहीत, आणि आपण रविवारी सकाळी तो काढून उभे राहतो. हे मी ऑफिसातल्या एका मित्राला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. "बायकांची बॅग घेऊ का?" म्हणाला. घे बाबा, त्यातली कुठलीही बाई तुला अठरा होलमध्ये वीस स्ट्रोकने हरवेल.

अदिती अशोकचंच बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, एका स्ट्रोकने पदक हुकलं. सोबत खेळणाऱ्यांचे ड्राइव्ह तिच्या कितीतरी पुढे जात होते. ती टिकली ती पटर (बॉल घरंगळवत होलमध्ये घालायचा क्लब) आणि जवळच्या फटक्यांवर. पुरुषांत उदाहरण हवं तर एस. एस. पी. चौरासिया. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची (होलभोवतीच्या बारीक गवताची) निगा राखायचे, पोरगा तिथेच कॅडी झाला, बघूनबघून शिकला आणि २०१६ व २०१७ असं लागोपाठ इंडियन ओपन जिंकला. त्याची ओळखही लांब फटक्यांची नाही, ग्रीनच्या आसपासच्या हाताची आहे.

३. स्वतःचे आकडे काढा

आता वही उघडा. रेंज (सरावाचं मैदान) जवळ नसेल तर मोकळं रान चालतं. आमचं शेत पैठण रस्त्याला आहे. ज्वारी निघाली की मी तिथे जातो. पण आधी सुरक्षेचं: समोर अडीचशे यार्डांत माणूस, गुरं, रस्ता, कुणाची पत्र्याची शेड, काही नको. बॉल डोक्याला लागला तर माणूस दगावू शकतो. शेजारच्या रानात खुरपणीला बायका असतील तर त्या दिवशी प्लॅस्टिकचे पोकळ बॉल वापरा किंवा घरी जा.

पायपुसणं अंथरा, बॉल त्यावर ठेवा. उघड्या मुरमावर मारलात तर क्लबचा तोंडवळा दोन दिवसांत बदलेल. बॉलवर मार्करने ठिपका काढा आणि ठिपका क्लबच्या बाजूला करून मारा, म्हणजे बॉल तोंडावर नेमका कुठे लागला ते उमटेल. असे सेव्हन आयर्नने वीस फटके. मधोमध किती, टोकाला किती, टाचेला किती, लिहून ठेवा. माझे वीसमधले सहा मधोमध होते. ब्लेड आयर्नला हे चालत नाही, कारण त्याचं वजन मधोमध एकवटलेलं असतं आणि जरा बाजूला लागलं की हाताला झिणझिण्या येतात, बॉल मेल्यासारखा पडतो. मागून पोकळ केलेल्या, म्हणजे कॅव्हिटी बॅक आयर्नचं वजन कडेला वाटलेलं असतं, तो अशा चुका पोटात घालतो. वीसमध्ये पंधरा मधोमध लागायला लागेपर्यंत ब्लेडचा विचार करू नका.

अंतर मोजायला मी आधी पावलं टाकायचो. काकांनी त्यावर तोडगा काढला. एका गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे बरोबर ११ यार्ड. त्यांनी बांधाने दर गुंठ्याला एक खुंटी ठोकून दिली. तेव्हापासून आमच्या घरात सेव्हन आयर्न 'बारा गुंठ्यांचा' आहे. सगळ्यात लांब गेलेला फटका लिहू नका, तो खोटारडा असतो. वीसमधले मधले दहा धरून सरासरी काढा, आणि बॉल घरंगळून थांबला तिथपर्यंत नाही, पहिला टप्पा पडला तिथपर्यंत मोजा.

शेवटी टेप. पायात बूट, हात सरळ खाली सोडलेले, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतची उंची. ही आणि तुमची उंची हे दोन आकडे फिटिंग करणारा, म्हणजे तुमच्या मापाचे क्लब ठरवणारा, पहिल्यांदा मागेल. ग्रिपसाठी: डाव्या हाताने (उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी) ग्रिप पकडली की मधल्या दोन बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकायला हवीत. रुतली तर ग्रिप बारीक, फट राहिली तर जाड.

काकांनी पहिल्या दिवशी माझे क्लब बघून विचारलं होतं, "काय करायलास रे हे? कुणाचे आणलेस?" मी म्हटलं, टायगर वूड्ससारखे आहेत. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या मुठीचं खुरपं घेतलं की संध्याकाळी हाताला फोड." मी तेव्हा हसलो होतो. फोड आले होते, हे नंतर सांगितलं.

४. चौदा नको, आठ घ्या

ड्रायव्हर, पाच किंवा सात नंबरचा वुड, पाच नंबरचा हायब्रिड, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, ५६ अंशांचा सँड वेज (वेज म्हणजे जवळून बॉल उंच उचलायचा क्लब), पटर. झाले आठ. पहिलं वर्ष याच्यावर निघतं, आणि प्रत्येकाशी ओळख होते.

सात नंबरच्या वुडला काही जण म्हाताऱ्यांचा क्लब म्हणतात. डस्टिन जॉन्सनने २०२० चं मास्टर्स ठरलेल्यापेक्षा वीस फटके कमी मारून, विक्रमी स्कोअरने जिंकलं, तेव्हा त्याच्या बॅगेत सात नंबरचा वुड होता. त्याच्याएवढा लांब मारणारा माणूस तो क्लब ठेवतो, कारण बॉल उंच जाऊन ग्रीनवर पटकन थांबतो.

सापळा: क्लबच्या तळावरचा नंबर फसवा आहे. पूर्वी सेव्हन आयर्न ३४-३५ अंशांचा असायचा, आताच्या सोप्या सेटमध्ये तो २८-३० वर आलाय. दुकानदार म्हणतो, बघा साहेब, पंधरा यार्ड वाढले! वाढले नाहीत, त्याने सहा नंबरच्या लोखंडावर सात लिहिलंय. खरी अडचण खालच्या टोकाला येते. पिचिंग वेज ४४ अंशांचा आणि त्याच्या खालचा ५६ चा, मध्ये बारा अंशांचं भगदाड. नेमक्या त्या अंतरावर उभे राहिलात की हातात काहीच नसतं. प्रोच्या यादीत शेजारच्या दोन क्लबांत साधारण चार-पाच अंशांचं अंतर दिसेल. ते अंतर उचला. नववा क्लब घ्याल तेव्हा तो ५० अंशांचा वेज असू द्या.

५. ड्रायव्हर

थोडक्यात: लॉफ्ट जास्त, शाफ्ट हलका, लांबी कमी.

नऊ अंश हे ११५ च्या वेगासाठी. नव्वदच्या आसपास असाल तर साडेदहा ते बारा. शाफ्ट रेग्युलर (स्टिफपेक्षा कमी कडक), पन्नास ग्रॅमच्या आसपास. शाफ्टवर लिहिलेलं "स्टिफ" बघून छाती फुगते, बॉल मात्र उजवीकडे जातो. आणखी एक, एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफएवढा कडक असू शकतो. त्या नावांना कुठलंही सर्वमान्य माप नाही.

लांबीचं गणित उफराटं आहे. दुकानातला ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंच किंवा त्याहून थोडा लांब येतो, आणि ज्यांचा हात बसलेला आहे असे बरेच प्रो ४५ इंच किंवा त्याहून आखूड वापरतात. कापून घ्यायची घाई करू नका. आधी ग्रिपच्या वरच्या टोकापासून एक इंच खाली धरून महिनाभर खेळा. बॉल मधोमध लागायला लागला तर मग कापा, आणि कापल्यावर डोकं हलकं वाटतं हे लक्षात ठेवा, थोडी शिशाची पट्टी चिकटवावी लागते.

६. वेज आणि आपली माती

इथे मराठवाड्याच्या माणसाला कुणी काही शिकवू नये, एकदा शब्द कळला की झालं. शब्द आहे बाउन्स. वेजचा तळ मागच्या बाजूने किंचित फुगीर असतो. तो जमिनीला आधी टेकतो आणि पुढच्या धारेला आत रुतू देत नाही. हा फुगवटा अंशांत मोजतात: चार ते सहा म्हणजे कमी, सात ते दहा मध्यम, त्यावर जास्त.

जमीन ओली, भुसभुशीत असेल तर जास्त बाउन्स हवा, नाहीतर वेज नांगराच्या फाळासारखा आत जातो. जमीन कडक, उघडी असेल तर कमी बाउन्स हवा, नाहीतर तळ आपटून उसळतो आणि धार बॉलच्या पोटात बसते. बॉल ग्रीन ओलांडून पार पलीकडे. प्रो लोक कोर्सची जमीन बघून त्या आठवड्याचे वेज बदलतात. कडक जमिनीच्या किनारपट्टीच्या कोर्सवर त्यांच्या वेजचा बाउन्स कमी झालेला दिसेल. टायगरच्या यादीतून मी हेच घ्यायला हवं होतं. त्याचे क्लब त्याच्या हाताला आणि तो खेळतो त्या जमिनीला घडवलेले.

आमचं काळं रान जुलैत चपला ओढून घेतं आणि एप्रिलमध्ये त्याच रानाला एवढ्या भेगा पडतात की बॉल आत गेला तर हात कोपरापर्यंत घालावा लागतो. (घालू नका. भेगेत बॉलच असेल असं नाही.) म्हणजे एकाच रानात दोन वेगळे कोर्स. मी आधी चौदा अंश बाउन्सचा वेज घेतला, कारण विकणारा म्हणाला "बंकरला (वाळूच्या खड्ड्याला) उत्तम". बंकरला उत्तमच होता. पण माझा सराव मार्च ते मे टणक जमिनीवर, आणि तिथे तो बॉलच्या आधी जमिनीवर नाचायचा. मला वाटायचं, स्विंग बिघडला. तीन महिने स्विंग दुरुस्त करत बसलो.

एकच वेज घ्यायचा असेल तर ५६ अंशांचा, दहाच्या आसपास बाउन्सचा घ्या. पाणी दिलेल्या पुण्याच्या कोर्सवरही चालतो, आपल्याकडे पावसाळ्यानंतरही. दुसरा घ्याल तो सहा अंश बाउन्सचा, उन्हाळ्यासाठी. साठ अंशांचा उंच फटक्याचा वेज टीव्हीवर फार देखणा दिसतो. पहिली दोन वर्षं तो टीव्हीवरच बघा.

७. पटर

टायगरच्या १५ मेजर (सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांच्या) विजेतेपदांपैकी १४ एकाच स्कॉटी कॅमरॉन न्यूपोर्ट २ पटरवर आहेत. तो मॉडेल घेऊ नका, ती सवय घ्या. घरच्या फरशीवर सतरंजी टाकून चार-पाच पटर वापरून बघा, डोळ्याला सरळ वाटतो तो ठेवा आणि मग बदलू नका. लांबी ३३ ते ३५ इंच. उभं राहिल्यावर डोळे बॉलच्या बरोबर वर किंवा किंचित आत यायला हवेत.

८. खरेदी

नवीन मॉडेलच्या मागे लागू नका. हेन्रिक स्टेन्सनने २०१६ चं ब्रिटिश ओपन जिंकलं तेव्हा त्याचा कॅलवेचा थ्री-वुड कित्येक वर्षं जुना होता. तीन-चार वर्षं जुनं मॉडेल निम्म्या किमतीत मिळतं.

फोटो बघून पैसे पाठवायचे असतील तर क्लबच्या मानेवरचा सिरियल नंबर, तोंडाचा जवळून फोटो, ग्रिप आणि जुनं बिल मागा. सगळे आयर्न एकाच सेटचे आहेत का ते शाफ्टच्या पट्टीवरून तपासा. नवा कोरा सेट बाजारभावाच्या पाव किमतीत मिळत असेल तर तो नकली आहे, हे धरूनच चाला. मला असा एक ड्रायव्हर आला होता. तिसऱ्या दिवशी डोकं शाफ्टपासून सुटून बॉलपेक्षा लांब गेलं, आणि विकणाऱ्याचा नंबर बंद.

कुरिअरने आयर्न मागवताना विकणाऱ्याला सांगा की चार इंची पीव्हीसी पाइपात घालून पाठव. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला तुकडा चालतो. पुठ्ठ्याच्या खोक्यातून माझा एक शाफ्ट वाकून आला होता.

जमलं तर पैसे देण्याआधी पुण्यात किंवा मुंबईत एकदा लाँच मॉनिटरवर (फटक्याचा वेग आणि अंतर मोजणाऱ्या मशीनवर) फिटिंग करून घ्या. जाताना वही न्या. फिटिंग करणारा पहिल्या पाच मिनिटांत तुमचा वेग आणि अंतर न विचारता थेट मॉडेल दाखवायला लागला तर चहा पिऊन निघा. आणि तिथे जोर लावून मारू नका. सगळे लावतात, मीही लावला. मशीनवर ९८ आला, त्यावर शाफ्ट घेतला, आणि शेतात तोच माणूस ८९ चा निघाला.

घेतलेली बॅग उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. बाहेर ४३ अंश असले की आत भट्टी होते, शाफ्ट आणि डोकं जोडणारा गोंद सैल पडू लागतो, ग्रिप चिकट होऊन मग टणक बनते. घरात, पलंगाखाली. ग्रिप महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून पुसा, सावलीत वाळवा. मातीत खेळून आलात तर आयर्नच्या खाचा त्याच दिवशी जुन्या टूथब्रशने साफ करा. काळी माती एकदा वाळली की सकाळी ती काढायला खिळा घ्यावा लागतो, आणि खिळ्याने खाचा बिघडतात.